आत कुणीतरी झोपलंय

आमच्या घरात कुकरची शिट्टी होत नाही. कुकर आहे, लग्नात आलेला, चांगला मोठा. पण तो लावायचा तर नवरा कामावरून यायच्या आत, नाहीतर तो उठल्यावर. मधल्या वेळात डाळ पातेल्यात शिजते आणि शिजता शिजता माझा अंत बघते. मिक्सरचंही तेच. दाराची बेल मी कायमची बंद करून टाकली आहे. पार्सल आणणाऱ्या पोरांनासुद्धा आता माहीत झालंय की या दारावर बोटानं हलकेच टकटक करायची, नाहीतर आतली बाई डोळ्यांनी खाते.

नवरा चाकणच्या एका कंपनीत आहे. तीन शिफ्ट, आलटून पालटून. सासूबाई गावाकडून फोनवर विचारतात, "रात्रपाळी संपली का गं?" त्यांना वाटतं, ती परीक्षेसारखी एकदाची संपत असेल. तिसरी शिफ्ट असली की माणूस सकाळी येऊन दुपार कलेपर्यंत झोपतो, दुसरी असली की अर्धी सकाळ, पहिली असली की दुपारी येऊन आडवा होतो. कुठलीही शिफ्ट घ्या, दिवसाचा एक तुकडा आमच्या घरात रात्र असते. त्यात गेलं वर्षभर त्याच्या लाइनवर माणसं कमी पडली आणि तिसरी शिफ्ट सारखी त्याच्याच गळ्यात येत राहिली.

आणि हे सगळं कुठे, तर चिखलीत. आमच्या बिल्डिंगच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं वर्कशॉप आहेत. तिथला ग्राइंडर सकाळी जो किंचाळायला लागतो तो संध्याकाळपर्यंत. लोखंडाच्या पट्ट्या टेम्पोतून खाली टाकतात तेव्हा आमच्या खिडकीची काच थरथरते. त्याला कुणी शूऽ म्हणत नाही. नवरा त्या आवाजात झोपतो म्हणे, पण स्वयंपाकघरात चमचा पडला की कूस बदलतो. घरचा आवाज वेगळा असतो, तो थेट कानात शिरतो, असं त्याचं म्हणणं. मी कधी वाद घातला नाही. रात्रभर उभं राहून आलेल्या माणसाशी झोपेवरून वाद घालणं बरं दिसत नाही.

आमची लेक याच घरात बोलायला शिकली. म्हणजे कुजबुजायला शिकली म्हणा. तिला चालता यायला लागलं तेव्हाच तिला कळलं होतं की बेडरूमचं दार लावलेलं असलं की पाय आपटायचे नाहीत. स्टीलची वाटी ओट्यावर ठेवताना ती खाली आधी स्वतःचा पंजा ठेवायची आणि मग तो हळूच काढून घ्यायची. हे मी शिकवलं नव्हतं, तिनंच शोधून काढलं. रागावली की माझ्या कानाशी येऊन अगदी हळू आवाजात सांगायची, "मम्मी, मी तुझ्याशी कट्टी." आणि मग तशीच, हळू, दोन्ही हातांनी मला मारायची. एवढी शिस्तीत केलेली कट्टी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

दिवसभर आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात बसून बोलत असायचो. समोरच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू सारखे बदलतात. नाव लक्षात राहीपर्यंत त्यांचा टेम्पो खाली लागलेला असतो. माझं माहेर लातूरकडचं, इथे ओळखीचं कोणी नाही. नवरा उठला की जेवायचा, मोबाइल बघायचा, थोडा वेळ लेकीला मांडीवर घ्यायचा आणि कंपनीच्या बसला पळायचा. तेव्हा बोलायला माणूस म्हणजे ही साडेतीन वर्षांची कार्टी. ती मला गॅलरीतल्या कबुतराची गोष्ट सांगायची. कबुतर रोज कंपनीत जायचं, त्याचा डबा रोज घरी राहायचा आणि त्याची मम्मी डबा घेऊन उडत जायची. त्या गोष्टीला शेवट नव्हता. मला फार एकटं वाटायचं त्या वर्षात, आणि त्या कबुतरावर माझे कितीतरी दिवस निघाले.

मे महिन्यात आम्ही दोघी माहेरी गेलो. नवऱ्याला सुट्टी नव्हती. तिथे पहिल्या सकाळी लेक अंगणात उभी राहून बघत राहिली. माझी आई शेजारणीला चार घरांवरून हाक मारत होती, शेळ्या ओरडत होत्या, भावाची पोरं एकमेकांच्या उरावर बसली होती. लेकीनं मला खाली ओढलं आणि कानात विचारलं, "इथे कोण झोपलंय?" मी म्हटलं, "कुणी नाही. इथे सगळे रात्री झोपतात." तिला ते पटायला दुपार उजाडली. आणि एकदा पटल्यावर तिनं जो आवाज काढला, तो मी जन्म दिलेल्या पोरीचा आहे यावर माझाच विश्वास बसेना. शेळीवर ओरडली, विहिरीवर ओरडली, मामावर तर विनाकारण ओरडली. माझी आई कपाळाला हात लावून म्हणाली, "आगं, लेकरू हाय का भोंगा? कसं वरडायलंय बघ!" पण खूश होती. उन्हाळाभर तो भोंगा वाजत राहिला.

सुट्टी संपत आली तशी मला घाई सुटली आणि वाईटही वाटायला लागलं. आईनं लोणच्याची बरणी फडक्यात बांधून दिली, शेवया दिल्या, लेकीला शाळेसाठी दोन फ्रॉक शिवून दिले, जे शाळेत चालणार नव्हते कारण तिथे युनिफॉर्म होता. नवऱ्याचा फोन यायचा, "या आता. घर खायला उठलंय." मी मनात म्हणायचे, दिवसभर झोपणाऱ्याला घर कुठलं खातंय!

आम्ही पहाटेच्या बसनं निगडीला उतरलो. बसमधून रिक्षात बसेपर्यंत लेक मोठमोठ्यानं बोलत होती, रिक्षावाल्याला तिची शेळ्यांची नावं सांगून झाली. जिने चढतानाही तोंड चालूच. आणि आमच्या मजल्यावर आल्यावर, दाराबाहेर नवऱ्याचे कंपनीतले बूट दिसले तशी ती गप्प झाली. खाली बसून तिनं सँडल काढले, हातात घेतले आणि मला कानात सांगितलं, "पप्पा झोपलेत." मला तेव्हा तिचं कौतुक वाटलं. किती शहाणं लेकरू, असं वाटलं. खरं तेच सांगते.

शाळा आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका बैठ्या इमारतीत. पहिल्या दिवशी गेटवर जी रडारड चालली होती ती विचारू नका. एक मुलगा वडिलांच्या पँटचा खिसा फाटेपर्यंत धरून बसला होता. एक आई मुलीपेक्षा जास्त रडत होती. आमची लेक बाटली गळ्यात अडकवून सरळ आत गेली. वळूनसुद्धा बघितलं नाही. बाकीच्या आया माझ्याकडे बघत होत्या आणि मी जरा मान ताठ करून उभी होते. देव असल्या ताठ माना बघून ठेवतो.

घरी आले. नवरा झोपला होता. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसले आणि शेजारची जागा रिकामी होती. शाळेला जाताना ती रडली नाही, पण मला मात्र त्या दिवशी डाळ निवडताना रडू आलं. आवाज न करता रडायलाही मी शिकले होते, त्यामुळे कुणाची अडचण झाली नाही.

आठवडा उलटला असेल, मिसनी मला थांबवून घेतलं. मिस तशा चांगल्या. तरुण आहेत, गळा बसलेला असतो, पण मुलांवर खेकसत नाहीत. त्या म्हणाल्या, "ताई, ती बोलतच नाही हो."

"कोण, आमची?" मी हसलेच.

"एक शब्द नाही. नाव विचारलं तरी नाही. गाण्याला सगळी मुलं ओरडतात, ही ओठ मिटून बसते. आणि दुसरं म्हणजे, कुणी रडलं की ही उठून जाते आणि त्याच्या तोंडावर हात ठेवते. काल एका मुलाचे पालक भांडायला आले होते, की तुमच्या वर्गातली मुलगी आमच्या मुलाचा श्वास कोंडते म्हणून."

माझं हसू विरलं. मिस चाचरत पुढे म्हणाल्या, "आमच्या मोठ्या मॅडमचं म्हणणं आहे, तिला यंदा एक वर्ग खाली, प्लेग्रुपमध्येच बसवू. आणि तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. बोलण्याचं लवकर कळलेलं बरं असतं."

माझ्या डोक्यात सणक गेली. माझ्या पोरीला बोलता येत नाही? जिनं माझ्या भावाच्या शेळ्या आवाजानं पळवल्या तिला? मी म्हटलं, "मिस, तिला चांगलं बोलता येतं. तुमच्यापेक्षा जास्त येतं." हे जरा जास्तच झालं, पण तोंडातून गेलं ते गेलं.

"मग बोलत का नाही?" मिसनी साधेपणानं विचारलं.

वर्गात बाकी मुलं नव्हती, शाळा सुटली होती. लेक रंगीत खुर्चीवर बसून आमच्याकडे बघत होती. मी तिच्याजवळ गेले आणि चढ्या आवाजात म्हटलं, "बाळा, मिसना तुझं नाव सांग बरं. मोठ्यानं सांग."

ती खुर्चीवरून घाईघाईनं उठली आणि तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मग मला खाली वाकवलं आणि कानाशी आली. "मम्मी, हळू बोल ना. आत झोपलेत."

"कोण झोपलंय?"

तिनं बोट दाखवलं. वर्गाच्या मागच्या भिंतीत एक चॉकलेटी दार होतं, कडी लावलेलं, कुलूप घातलेलं. आमच्या बेडरूमच्या दाराचा रंगही तसाच आहे. बिल्डर लोक बहुतेक एकाच दुकानातून दारं आणतात. "मिसचे पप्पा," ती म्हणाली.

आठवडाभर हे लेकरू दहा-वीस ओरडणाऱ्या पोरांच्या मध्ये जीव मुठीत धरून बसलं होतं. कुणाचा तरी बाप रात्रभर काम करून आलाय, त्या दारापलीकडे झोपलाय, आणि या मूर्ख पोरांना त्याची काही पडलेली नाही. एकटी ती सगळ्यांची तोंडं मिटत फिरत होती. तिला वाटत होतं की दिवसा कुठलंही दार बंद असेल तर त्यामागे माणूस झोपलेलं असतं. तिच्या जगात तसंच होतं. मी तिला जवळ घेतलं.

मिसना मी सगळं सांगितलं. सांगताना लाज वाटली, का ते कळलं नाही. आमच्या भागात निम्म्या घरांत शिफ्टचा माणूस आहे. मिस हसल्या नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण. त्यांनी सफाईच्या मावशींना हाक मारली आणि किल्ली मागवली.

दार उघडलं. आत एक लहानशी खोली. गुंडाळलेल्या सतरंज्या, मोडकी घसरगुंडी, एकावर एक रचलेल्या खुर्च्या, स्नेहसंमेलनातलं कापसाचे ढग लावलेलं पुठ्ठ्याचं आभाळ. धूळ. लेक उंबऱ्यावर उभी राहिली, मग चवड्यांवर आत गेली. तिनं सतरंज्यांच्या मागे पाहिलं. वाकून घसरगुंडीखाली पाहिलं. पुठ्ठ्याच्या आभाळामागे तर फार वेळ पाहिलं. मग बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाली, "कामावर गेले वाटतं."

मी मिसना ते सांगितलं. मिस तिच्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "हो, गेले ते. आणि आता हे दार आम्ही उघडंच ठेवणार आहोत, म्हणजे कुणी आलं तर तुला दिसेल." मोठ्या मॅडमना मी समजावते म्हणाल्या, पण आधी पोरगी वर्गात बोलू दे. दोन-चार दिवस बघू.

दुसऱ्या दिवशी मी तिला सोडलं आणि घरी गेले नाही. कंपाउंडच्या भिंतीला लागून भाजीची पिशवी धरून उभी राहिले. वॉचमन दोनदा माझ्याकडे बघून गेला. आत प्रार्थना झाली, मग हजेरी झाली, मग गाणं सुरू झालं. पोरांचा एकच कल्लोळ, त्यात कुठला आवाज कुणाचा ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. मी तरी कान लावून होते. भिंतीच्या त्या बाजूला माझी लेक पोरांची तोंडं मिटत फिरत असेल, असं माझं मन सांगत होतं.

आणि मग तो आला. सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे, बेसूर, फाटका, लातूरच्या अंगणातला. भोंगा. त्या आवाजानं बाकीच्या पोरांना मागे टाकलं, गाणं संपलं तरी तो थांबला नाही. मी भिंतीला हात लावून उभी राहिले आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वॉचमननं विचारलं, "काय झालं ताई?" मी म्हटलं, "ती माझी मुलगी आहे." तो म्हणाला, "लई जोरात हाय," आणि खुर्चीवर जाऊन बसला.

मला हे कुणाला तरी सांगायचं होतं. आईला फोन लावला, तो लागला नाही. ती शेतात गेली की फोन घरात राहतो. रस्त्यानं येताना दुकानदार, रिक्षावाले, ओळखीची एक बाई दिसली, पण त्यांना काय सांगणार, की माझी मुलगी ओरडली? रोज असं काही झालं की मी ते लेकीलाच सांगायचे. आता तिचंच सांगायचं होतं आणि ती तिकडे होती, आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की ती आता तिकडचीच. ती दुपारी घरी येईल, पण कबुतराची गोष्ट आता माझ्या एकटीची राहणार नाही. मिसना सांगेल, त्या खिसा फाडणाऱ्या मुलाला सांगेल. हे व्हायला हवं होतं, हेच मी मागत होते, आणि तरीही जिना मी थांबत थांबत चढले.

दाराबाहेर बूट होते. आत पंखा फिरत होता. मी पिशवी ठेवली, पाणी प्यायले, ओट्याशी उभी राहिले. तो उठेपर्यंत थांबायला हवं होतं. मला थांबवेना. लग्न झाल्यापासून मी झोपलेल्या नवऱ्याला कधी उठवलं नव्हतं, पाहुणे आले तरी नाही, स्वतःला ताप होता तेव्हाही नाही. मी बेडरूमचं दार ढकललं. जाड पडद्यामुळे आत अंधार होता. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी त्याच्या खांद्याला हात लावला.

"अहो. अहो, ती बोलली."

तो दचकला नाही. लगेच वळून म्हणाला, "शाळेत?" तो झोपेतून उठलेल्या माणसाचा आवाज नव्हता.

"तुम्ही जागेच होता?"

"हं."

"माझ्यामुळे जाग आली का?"

"नाही गं. आलीच नव्हती झोप. सकाळी तासभर लागते, मग उडते. वर्ष झालं असेल आता." तो छताकडे बघत बोलत होता.

"मग बाहेर यायचं ना!"

"कसा येऊ? तुम्ही दोघी एवढं जपता. पोरगी चपला हातात घेऊन चालते. आणि मी जागा आहे म्हणून बाहेर येऊन बसू?" त्यानं चादर बाजूला केली. "तुमची कुजबुज ऐकू येते आत. ती काहीतरी सांगत असते, तू हसतेस. शब्द कळत नाहीत. एकदा-दोनदा दाराला कान लावून पण बघितला. नाही कळलं."

मला आधी रागच आला, माझं नेहमीचं. एवढी वर्षं पातेल्यात डाळ शिजवली ती कुणासाठी? पण तो राग टिकला नाही. दाराच्या अलीकडे मी एकटी आहे म्हणून झुरत होते आणि पलीकडे हा माणूस डोळे उघडे ठेवून आमचं बोलणं ओळखायला बघत होता. मी पलंगाच्या काठावर बसले. हा गेल्या वर्षात किती वाळलाय, हे मी पाहिलंच नव्हतं.

"काय सांगत असते ती?" त्यानं विचारलं.

"कबुतराचं," मी म्हटलं.

"काय?"

"एक कबुतर असतं. ते कंपनीत जातं…"

"मोठ्यानं सांग ना. ऐकू येत नाहीये."

मी घसा खाकरला. घरात झोपलेलं कुणी नव्हतं, लेक शाळेत होती, मागे ग्राइंडर चालू होता. मी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तसाच आवाज आला. मला तो मोठा करताच येईना. तो उठून बसला, जवळ सरकला आणि त्यानं कान माझ्या तोंडापाशी आणला.